दोन आडव्या रेघा

वायंगणतळी गावाच्या पाचव्या वाड्यात नळाला पाणी येत नाही, ही गोष्ट शासनाला मान्य नाही. शासनाच्या मते पाणी येतं, आमच्या मते येत नाही, आणि लोकशाहीत एवढा मतभेद चालायचाच. वाडा म्हणजे आमच्याकडे दिंडी-दरवाजाची इमारत नव्हे, वस्ती. अशा आठ वस्त्यांचा आमचा गाव. मुळगाव ओलांडून खाणीच्या जुन्या रस्त्याने पुढे आलात की डोंगरावर जी पाण्याची टाकी दिसते ती आमची, आणि तिच्या पायथ्याशी रिकाम्या बालद्या घेऊन जी माणसं उभी असतात तीही आमचीच.

मी सदाशिव. सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर हयात काढली आणि निवृत्त झाल्यावर लग्नं जुळवायला घेतली. दोन्ही कामं जवळपास एकच. इकडून आलेलं तिकडे द्यायचं, वाटेत उघडून बघायचं नाही, आणि त्यात आपल्या पदरचं काही घालायचं नाही. म्हणून सिद्धेशच्या स्थळाची हकिकत सांगण्याचा अधिकार माझाच आहे, असं मी समजतो. दुसरं कुणी सांगायला गेलं तर त्यात भावना घालील.

सिद्धेश म्हणजे आमच्या शेजारच्या विनोदिनी वहिनींचा एकुलता एक मुलगा. पेडण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत तो कर्नेल लिहितो. कर्नेल म्हणजे संगणकाच्या पोटातला कारभारी. तो कुणाला दिसत नाही, त्याचं नाव कुणी घेत नाही, पण त्याला विचारल्याशिवाय आत काही हलत नाही. मुलगी मोरजीच्या सगुणबाबांची, अंकिता. म्हापशाला औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. पोरांनी एकमेकांना आधीच पसंत केलं होतं. ही कल्पना थोरांना स्वतःहून सुचली असं वाटायला लावणं, एवढंच माझं काम होतं.

आमच्या भागात हल्ली मुलीकडचे लोक पगार आणि पत्रिका मागाहून विचारतात. खाणींनी डोंगर पोखरले, विहिरींचं पाणी खाली गेलं, आणि आमच्या वाड्यात मुलगी द्यायची म्हणजे तिच्या डोक्यावर कळशी द्यायची, ही बातमी पार पेडण्याच्या किनाऱ्यापर्यंत पोचली. मी बोलणी करायला मोरजीला गेलो, तर सगुणबाब खुर्चीत नीट टेकायच्या आधीच म्हणाले, "सदाशिवबाब, झिल बरो आसा, घर बरा आसा. नळाक उदक आसा?"

"आसा," मी म्हणालो. शासनाची तीच भूमिका होती.

"मगे फुडल्या म्हयन्यातल्या तिसऱ्या आयतारा मी सोता येवन नळ सोडून बघतलंय."

आयतार म्हणजे रविवार. मधे दीड महिना होता. सिद्धेशचं लग्न त्या एका नळावर येऊन अडकलं, आणि गंमत अशी की तो नळ कधी सुटायचा आणि कधी बंद व्हायचा हे ठरवणारं कर्नेल त्यानेच लिहिलेलं होतं.

पूर्वी आठ वाड्यांचे आठ वाल्व कृष्णनाथ उघडायचा. लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकून सायकलवरून यायचा, आणि कुणाचा वाल्व किती वेळ उघडा राहील ते त्या घरच्या हुमणात, म्हणजे माशाच्या आमटीत, बांगडा किती ताजा आहे त्यावर ठरायचं. ही पद्धत भ्रष्ट होती याबद्दल दुमत नाही. मग जलवाटप सुलभीकरण कक्ष स्थापन झाला आणि त्याने टाकीच्या पायथ्याशी सिद्धेशच्या कंपनीत बनलेला एक करडा डबा बसवला. डबा आपोआप वाल्व उघडणार आणि बंद करणार. कृष्णनाथला निरीक्षकपदी बढती मिळाली. डब्याशेजारी खुर्ची ठेवून डब्याचं निरीक्षण करायचं, हे त्याचं नवीन काम.

डब्याच्या पोटात आठ खुणा. खूण एक असेल तर त्या वाड्याचा वाल्व उघडा, शून्य असेल तर बंद. मोजणी शून्यापासून सुरू होते. देऊळवाड्याला शून्य क्रमांक दिला म्हटल्यावर देवळाच्या मानकऱ्यांनी तातडीची सभा बोलावली. शून्य हा एकाच्या आधी येतो, म्हणजे पहिला मान तुमचाच, असं सिद्धेशने लेखी दिल्यावर ते शांत झाले. त्यावर एक क्रमांकाचा वाडा रागावला, तो अजून रागावलेलाच आहे. आमचा पाचवा वाडा त्या हिशेबात चौथा ठरला. आम्ही हरकत घेतली नाही, आमचं सगळं लक्ष नळाकडे होतं.

आता थोडं तांत्रिक. घाबरू नका, मला समजलं म्हणजे कुणालाही समजेल. आठांतली एकच खूण बदलायची असली तरी यंत्राला ती एकटी उचलता येत नाही. आठही खुणा एकदम उचलायच्या, आपली बदलायची आणि आठही परत जागेवर ठेवायच्या. हे करायच्या दोन रीती आहेत. एक अखंड रीत. हिच्यात उचलण्यापासून ठेवण्यापर्यंत दुसऱ्या कुणाला मधे हात घालता येत नाही. दुसरी सुटी रीत. हिच्यात ज्याला जेव्हा वाटेल तेव्हा त्याने उचलावं आणि ठेवावं. सुट्या रीतीच्या नावाआधी दोन छोट्या आडव्या रेघा काढायचा रिवाज आहे. त्यांचा अर्थ असा की बाबा रे, तू एकटा असशील तरच हिच्या वाटेला जा. सिद्धेशने अखंड रीत वापरली होती, कारण डब्यात दोघे काम करत होते. एक वेळापत्रक, आणि दुसरं लोकांच्या मोबाइलवरून येणाऱ्या मागण्या घेणारं ॲप.

मग पणजीहून सल्लागार आले. त्यांनी मोजमाप करून अहवाल दिला की अखंड रीतीत एकाचं काम चालू असताना दुसऱ्याला क्षणाचा कोटीवा भाग थांबावं लागतं, आणि गतिमान प्रशासनात कुणी थांबणं धोरणाला धरून नाही. टाकीतून निघालेलं पाणी आमच्या नळापर्यंत यायला अर्धा तास लागतो. त्या अर्ध्या तासातून हा भाग वाचवायचा ठरला. सगळ्या रीतींच्या नावांआधी दोन रेघा काढा, असा हुकूम निघाला. सिद्धेशने लेखी हरकत घेतली. हरकत मिळाल्याची पोच त्याला मिळाली. मी सरकारी कचेरीत आयुष्य काढलंय, पोच मिळाली म्हणजे विषय संपला हे मी त्याला तेव्हाच सांगितलं होतं.

रेघा पडल्या त्या सकाळपासून आमच्या नळातून नुसती हवा यायला लागली.

विनोदिनी वहिनींना घेऊन मी डिचोलीला कक्षाच्या कचेरीत गेलो. तिथल्या अभियंता विनिता मॅडम सज्जन बाई. कचेरीत त्या पुस्तकी मराठी बोलतात आणि वैतागल्या की घरच्या बोलीवर येतात. त्यांनी संगणक आमच्याकडे वळवला.

"हे बघा. पाचव्या वाड्याचा वाल्व सकाळी उघडलेला आहे."

"मगे बंद कोणी केलो?" वहिनींनी विचारलं.

"कुणीच नाही. बंद करण्याचा हुकूमच निघालेला नाही."

"मगे उदक खंय गेला?"

"वहिनी, बंद केल्याशिवाय वाल्व बंद कसा असेल? तो उघडाच असणार."

"मॅडम, मी रोज चार उंडे घेतंय, आज सकाळी पाववाल्या पोदेराक सांगलंय, चाय करूक उदक नाय म्हणून पाव नको. तुमचो वाल्व उघडो आसा तर एक टँकर तरी धाडा."

"ज्या वाड्याचा वाल्व उघडा आहे तिथे टँकर पाठवता येत नाही," मॅडम म्हणाल्या, आणि मग आवाज खाली आणून, "माका पण कळता गे वहिनी. पण मी काय करू?"

दुसऱ्या दिवशी सिद्धेश रजा काढून आमच्याबरोबर आला. त्याने मॅडमच्या मेजावरच्या पाटीवर आठ शून्यं काढली. "समजा, सकाळी सहाला वेळापत्रकाने ही पाटी वाचली, आमचा वाडा उघडायला. त्याच पळात ॲपनेही हीच पाटी वाचली, देऊळवाडा उघडायला. दोघांच्या हातात आठ शून्यं. वेळापत्रकाने आमच्या शून्याचा एक केला आणि पाटी परत ठेवली. आम्ही उघडे. मग ॲपने आपली पाटी ठेवली. तिच्यात देऊळवाड्याचा एक आहे, पण आमचं शून्य सकाळचंच आहे, कारण त्याने ते आधीच वाचलेलं. आमचा एक गेला. कुणी पुसला नाही, कुणाच्या मनातही नव्हतं. शेवटी ठेवणाऱ्याची पाटी वर राहिली, एवढंच."

"आणि हे रोज व्हायला लागलं?" मॅडमनी विचारलं.

"देऊळवाड्यातले लोक रोज बरोबर सहाला मोबाइल दाबतात. पूजा असते."

मॅडमना सगळं समजलं. न समजण्याची अडचण आमच्या कचेऱ्यांत फार क्वचित येते. "उपाय काय?"

"त्या दोन रेघा पुसायच्या."

"खर्च?"

"काहीच नाही."

मॅडम खुर्चीत मागे टेकल्या. "मग कसं करायचं, सिद्धेश? ज्याला खर्च नाही त्याचा प्रस्ताव होत नाही. प्रस्ताव नाही तर मंजुरी नाही. आणि सल्लागारांनी काढलेल्या रेघा मंजुरीशिवाय पुसल्या तर उद्या मला विचारतील, त्यांनी काढल्या तेव्हा तुम्ही गप्प का होता."

समिती बसली. समितीने तीन बैठकांत मान्य केलं की एकाचं काम चालू असताना दुसऱ्याने मधे येऊ नये, आणि रेघांना हात न लावता हे साधण्यासाठी कुलूप व्यवस्था सुचवली. यात चूक काही नव्हती. सिद्धेशही म्हणाला की कर्नेलमध्ये कुलूप ही चीज असते, ज्याच्याकडे कुलूप त्यानेच खुणांना हात लावायचा, आणि मग रेघा असल्या तरी बिघडत नाही. पण संगणकातलं कुलूप लेखापरीक्षकाला दिसत नाही. म्हणून पितळी बिल्ला करून घेण्यात आला. ज्याच्या खिशात बिल्ला त्यानेच डब्याचं बटण दाबायचं, आणि निरीक्षक म्हणून तो आधी कृष्णनाथच्या खिशात गेला. वेळापत्रक आणि ॲप दोन्ही यापुढे माणसामार्फत चालतील असं ठरलं. स्वयंचलित डब्याला अशी दोन माणसं जास्तीची लागली, आणि व्यवस्था आता पूर्ण स्वयंचलित झाल्याचं पत्रकही निघालं.

"फक्त एक," सिद्धेश म्हणाला. "कुलूप हातात असताना झोपायचं नाही. कर्नेलमध्ये हा फार कडक नियम आहे. बाकीचे सगळे त्याच्यासाठी थांबलेले असतात."

हा नियम कर्मचारी संघटनेकडे गेला आणि तिथे तो मार खाऊन परत आला. दुपारी एक ते चार ही आमच्याकडे नुसती झोपेची वेळ नाही. बँका, दुकानं, कुत्री, सगळं तिच्याभोवती बसवलेलं आहे. वाटाघाटींनंतर 'झोपू नये' याचं 'शक्यतो झोपू नये' झालं. थांबणाऱ्यांसाठीचा नियम मात्र जसाच्या तसा मराठीत आला: 'प्रतीक्षार्थीने बसू नये, निघून जाऊ नये, जागच्या जागी फिरत राहून कुलूप सुटले किंवा कसे याची वारंवार विचारणा करावी.' कर्नेलमध्ये थांबणारा असाच घिरट्या घालत विचारत राहतो म्हणे. माणसांना जागच्या जागी फिरताना चक्कर यायला लागली, तेव्हा टाकीभोवती फिरायला परवानगी मिळाली.

मग आठही वाड्यांची माणसं हातात बालद्या घेऊन टाकीभोवती फिरू लागली. एक फेरी झाली की डब्यासमोर थांबायचं आणि विचारायचं, "सुटला काय?" कृष्णनाथ म्हणायचा, "नाय." की पुढची फेरी. आठवडाभरात पाऊलवाट पडली. उजवीकडून फिरायचं की डावीकडून यावरून दोन वाड्यांत बाचाबाची झाली. कुणी तरी डब्यावर जास्वंदीचं फूल ठेवलं, दुसऱ्या दिवशी तिथे नारळ फुटला, आणि देवळाच्या मानकऱ्यांनी पहिला नारळ आमचा म्हणून अर्ज दिला. आमच्या वाड्यातल्या यशोदा मावशी गुडघे धरून फिरायच्या. त्यांचे गुडघे त्या आठवड्यात सुधारले असं त्या सांगतात, आणि पाण्याचं विचारलं की विषय बदलतात.

सगुणबाब येणार त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी कृष्णनाथ बिल्ला खिशात घालून जेवायला गेला. जेवला, झोपला, आणि उठल्यावर सासऱ्याचा फोन आला म्हणून फेरीबोट गाठून तेरेखोलला सासुरवाडीला गेला. बिल्ला खिशातच होता. त्या क्षणी देऊळवाड्याचा वाल्व उघडा होता, तो उघडाच राहिला, आणि तिथल्या अंगणांतून, गोठ्यांतून, पोफळीच्या कुळागरातून पाणी वाहत गेलं. आमचा बंद होता तो बंद राहिला. माणसं फिरत होती. विचारायला समोर कृष्णनाथही नव्हता, तेव्हा ती रिकाम्या खुर्चीला विचारून पुढे जात होती.

रविवारी सकाळी सगुणबाब आले. बरोबर अंकिता आणि तिची आई शालिनीबाय. वहिनींनी घर लख्ख पुसलं होतं. त्यासाठी लागलेलं पाणी माझ्या घरच्या पिंपातून गेलं होतं, हे मी नम्रपणे नोंदवतो. शहाळी काढून ठेवली होती. सिद्धेश दारात उभा होता आणि त्याचा चेहरा बघवत नव्हता. अंकिताने त्याच्याकडे बघून हळूच मान हलवली, होईल काय ते होईल अशा अर्थाने.

सगुणबाब शहाळ्याला शिवले नाहीत. थेट मागच्या पडवीत गेले आणि नळ सोडला. नळ खोकला, थोडी हवा सोडली आणि गप्प झाला.

"सगुणबाब, टाकीर काय तरी घोळ आसा, दुपारपर्यंत—" सिद्धेशने सुरुवात केली.

"माझ्या डोळ्यांनी बघलंय मरे मी," सगुणबाब म्हणाले. "आजून काय बघूचा ऱ्हवला?"

निघताना गाडीच्या काचेतून त्यांनी मला जवळ बोलावलं. "सदाशिवबाब, तेंका सांगा, जमूचा नाय. माझ्या धुवेन कळशी व्हावूची नाय." मी निरोप घेतला. गाडी वळली.

ती वळेपर्यंत सिद्धेश डोंगरावर चढलासुद्धा. डब्याचा पासवर्ड झाकणाच्या आतल्या बाजूला खडूने लिहिलेला असतो, कारण तो गोपनीय आहे आणि विसरून चालणार नाही. त्याने लॅपटॉप जोडला, जिथे जिथे रेघा होत्या तिथल्या पुसल्या, वेळापत्रक आणि ॲप पुन्हा थेट वाल्वला जोडलं, आणि टाकीभोवती फिरणाऱ्यांना घरी जायला सांगितलं. काही गेले नाहीत, त्यांची नवसाची फेरी होती. अर्ध्या तासाने वहिनींच्या पडवीतला नळ धो धो वाहायला लागला. वहिनी नळाखाली हात धरून उभ्या राहिल्या आणि रडल्या. आनंदाने की रागाने ते मी विचारलं नाही.

सोमवारी अंकिताने वहिनींना व्हिडिओ कॉल केला. "काकी, नळ सोडून दाखयात." वहिनींनी दाखवला. तिने तो चालू ठेवायला सांगितलं आणि बराच वेळ नुसतं पाण्याकडे बघत राहिली. मग ती बापाशी भांडली. मंगळवारपर्यंत सगुणबाब वितळले, "तुका बरा दिसता तर माझा काय नाय," म्हणाले. मंगळवारी संध्याकाळी अंकिताने वहिनींना फोन करून होकार कळवला. वहिनींनी खोबऱ्याच्या वड्या केल्या. मला दिल्या नाहीत, कारण मी घरी नव्हतो, पुतण्याच्या कामासाठी म्हापशाला गेलो होतो. हे सगळं मला कुणी कळवलं नाही. कळवलं असतं तरी माझ्या कामात त्याने काय फरक पडला असता, मला माहीत नाही.

माझ्याजवळ रविवारचा निरोप होता. वाईट निरोप आयतारा देऊ नये असा आमच्याकडे संकेत आहे. सोमवारी वहिनींचा उपास. मंगळवारी मी नव्हतो. बुधवारी सकाळी अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून मी वहिनींकडे गेलो आणि म्हणालो, "सगुणबाबांचा निरोप आसा. जमूचा नाय."

वहिनींच्या हातातली वड्यांची ताटली तशीच राहिली. "भावोजी, काल तर अंकितान..."

"काल काय झाला ता माका म्हायत नाय. मी सांगतंय ता आज सांगतंय."

मी आवक-जावकचा माणूस. शेवटी आलेला कागद फायलीत वर लागतो, हे मी चाळीस वर्षं पाळलेलं आहे. वहिनींनीही तेच धरलं. मुलीने हो म्हटलं, रातोरात बापाने ते मोडलं, असा त्यांचा समज झाला. बाई मानी आहेत. ताटली खाली ठेवून म्हणाल्या, "मगे तेंका पण सांगा. आमका पण नको. आमच्या घरात उदक आसा आणि मान पण आसा."

हा निरोप मी त्याच दिवशी पोचवला. मोरजीला मासे घ्यायला जायचंच होतं. सगुणबाब लग्नाच्या हॉलची चौकशी करत फोनवर बोलत होते. माझं ऐकून त्यांनी फोन ठेवला. "आमी हो म्हटलंव आणि तेंका नको?" मी म्हणालो, माझं काम निरोपाचं. मला त्यांनी चहा विचारला नाही.

सिद्धेश तेव्हा कुठे होता? डोंगरावर. वहिनी मानाच्या भरात काही म्हणाल्या तरी त्याच बुधवारी पहाटे आमचा नळ पुन्हा गप्प झाला होता. कक्षातल्या दुसऱ्या एका अधिकाऱ्याने डब्याच्या पडद्यावरचा स्वागताचा फोटो बदलायला म्हणून आदल्या आठवड्यात संपूर्ण प्रणालीची प्रत आपल्या संगणकावर उतरवून घेतली होती. फोटो नीट बसवायला त्याला आठवडा लागला. मग त्याने फोटोसकट सगळी प्रत जागेवर ठेवली. त्या प्रतीत रेघा होत्या. सिद्धेशने पुसलेल्या रेघा अशा आपोआप परत आल्या, आणि त्या अधिकाऱ्याचा रेघांशी काडीचाही संबंध नव्हता. फोटो चांगला आला आहे.

डोंगरावर रेंज नाही. संध्याकाळी तो खाली आला तेव्हा घरात आई तोंड फिरवून बसलेली. "तिका फोन करूचो नाय," वहिनी म्हणाल्या. त्याने केला नाही. दुसऱ्या दिवशी केला नाही. शुक्रवारी मात्र आमच्या जनेलाखाली, म्हणजे खिडकीखाली, जिथे रेंज येते तिथे, तो उभा राहिला. फोनचा आवाज मोठा ठेवायची त्याला सवय आहे, आणि जनेल माझं आहे, त्यामुळे ऐकण्यात गैर काही नव्हतं.

"माझो होकार पुसलो कोणी?" अंकिताचा आवाज.

"कोणीच नाय गो. तुझ्या बाबांचो आयताराचो नकार वाटेत होतो. तो बुधवारी येवन वर बसलो. ह्या अगदी तसाच झाला. एकान वाचला, बदलला, परत ठेवला, आणि मधी दुसऱ्यान—"

"तुका ह्या कधी कळला?"

"बुधवारीच. आईन सांगल्यार लगेच. आयतारा तुझ्या बाबांनी काकांक गाडीकडे बोलयलेला मी बघलंय."

"बुधवारी कळला. आणि फोन आज?"

"आई नको म्हणाली."

"सिद्धेश, त्या डब्यासाठी तू रजा काढतंस, समितीर जावन भांडतंस, चोरून डोंगरार चडतंस. दोन रेघा पुसूक तू कोणाक विचारलंस नाय. माझ्यासाठी एक फोन करूक तुका आईची परवानगी लागता?" तिचा आवाज फुटला. "मी बापाशी भांडून हो म्हटलंय रे. दोन दिस मी फोन हातात धरून बसलंय."

त्याने बोलायचा प्रयत्न केला. समोरून फोन बंद झाला होता. तो जनेलाखाली तसाच उभा होता, आणि मला वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू, फार वाईट वाटलं. पोरगी चांगली होती. मी चहा घेतोस का विचारलं, तर तो म्हणाला, "काका, तुमी निरोप देण्याआधी एकदा तेंका फोन करून विचारूचा होता, अजून तसाच आसा काय म्हणून." मी त्याला समजावलं की तसं मी विचारत बसलो तर तो निरोप राहत नाही, चौकशी होते. त्याला ते पटलं नाही. हल्लीच्या मुलांना शिस्त पटत नाही.

अंकिताचं लग्न पुढे म्हापशाच्या मुलाशी ठरलं. सिद्धेश अजून तसाच आहे. विनोदिनी वहिनी माझ्याशी बोलतात, पण वड्या देत नाहीत. विनिता मॅडमनी शेवटी त्या दोन रेघा पुसून घेतल्या, डब्याच्या रंगरंगोटीच्या कामात दाखवून. डब्याला रंगही लावला. तेव्हापासून आमच्या नळाला रोज सकाळ-संध्याकाळ पाणी येतं, इतकं की पडवीत शेवाळ धरलंय. कृष्णनाथ सेवानिवृत्त झाला. टाकीभोवती फिरणं मात्र थांबलेलं नाही, गुरुवारी गर्दी असते.

तर आमच्या वाड्यात पाणी आहे, हे मी इथे स्पष्ट सांगतो. वाड्यात लग्नाचे अजून तीन मुलगे आहेत, गुणी आहेत, आणि मी त्यांच्यासाठी खटपट करतोय. पण तुम्ही ही हकिकत वाचताना मधेच कुठे तरी आमच्याविषयीचं मत बनवून मोकळे झालात, हे मला इथून दिसतंय, आणि शेवटच्या या चार ओळींनी ते बदलेल असं मला वाटत नाही. गेल्या आठवड्यात पेडण्याहून एक जण मुलीसाठी चौकशी करायला आले. माझ्या अंगणापर्यंत आले, नळ न बघताच परत फिरले. त्यांना म्हणे कुणी तरी आधीच सांगितलं होतं, वायंगणतळीला पाणी नाही. कोणी सांगितलं, मी विचारलं. नाव त्यांना आठवेना. चांगला शिकलेला, वाचनाची आवड असलेला माणूस होता, एवढंच म्हणाले.